त्या माळावर कोण राहत होतं? अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणी सदस्यांना, स्मरणिकांच्या संपादकांना आणि मराठी शाळांमधल्या माझ्या सहकारी शिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या मंचावर एका ज्येष्ठ सभासदांनी भाषण केलं. चाळीस वर्षं या देशात काढलेला, मंडळासाठी खस्ता खाल्लेला माणूस. बोलणं अगदी मनापासूनचं होतं. ते म्हणाले, इथे काय होतं? नुसता ओसाड माळ. कष्टाळू माणसं आली, त्यांनी जमीन कसली, रेल्वे आणली, विद्यापीठं उभी केली. मागून आपण आलो, तेही दोन बॅगा घेऊन. म्हणजे आपणही एका अर्थी पायोनियरच. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी परतताना मात्र तो एक शब्द, ओसाड, डोक्यातून जाईना. आता याच आशयाचा लेख स्मरणिकेत येणार आहे असं कळलं, म्हणून हे पत्र. ज्येष्ठांविषयी माझ्या मनात आदरच आहे. माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे, आणि तो शब्द माझ्या ओळखीचा आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावची. गावची म्हणते खरी, पण ते गाव मी पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते धरणाच्या पाण्यात गेलं. आजोबांना सोलापूरच्या बाजूला जमीन मिळाली. आयुष्यभर भात लावलेला माणूस ज्वारीच्या रानात येऊन बसला. जुन्या गावचा सातबारा आईच्या ट्रंकेत, कापडात गुंडाळून ठेवलेला होता. त्या कागदाला आता काही किंमत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी दर दिवाळीला तो बाहेर काढून ऊन दाखवलं जायचं.

गोष्ट इथपर्यंतच असती तर आम्ही नुसते धरणग्रस्त. पण आजीने पुढचं सांगितलं ते मला फार उशिरा कळलं. आम्हाला मिळालेली ती नवी जमीन सरकारी कागदावर 'पड' होती. प्रत्यक्षात ते रान मेंढक्यांचं होतं. दिवाळीनंतर कळप घेऊन ते कोकणाकडे उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. त्या वर्षी परतले तर रानात बांध पडलेले, आणि बांधावर आमचे आजोबा. आजी म्हणायची, "ते नुसते उभे राहून बघत होते. भांडले असते तर बरं वाटलं असतं." ज्याचं घर बुडालं तोच माणूस दुसऱ्याच्या चराईवर नांगर घालत होता, आणि त्याच्या हातात सरकारचा शिक्का असलेला कागद होता. 'पड' आणि 'ओसाड' हे शब्द जमीन पाहून लिहिले जात नाहीत, हे मी घरातच शिकले.

मी 1998 मध्ये मिनेसोटाला आले. या राज्याचं नावच डाकोटा भाषेतलं आहे, मिनि सोटा माकोचे, आभाळ ज्यात दिसतं त्या पाण्याची भूमी. इथले मूळनिवासी डाकोटा लोक एका जागी बारा महिने राहत नसत, आणि त्याला कारण होतं. वसंतात मेपलच्या झाडांचा रस काढून साखर करायची, उन्हाळ्यात नदीकाठच्या गावात मका लावायचा, शरदात तळ्यांमधला रानतांदूळ झोडून आणायचा, हिवाळ्यात शिकारीला जायचं. त्यामुळे वर्षातल्या कुठल्याही दिवशी कुणी गोरा मोजणीदार आला असता, तर त्याला बरीचशी जमीन रिकामीच दिसली असती. आमच्या मेंढक्यांचं रान माघ महिन्यात रिकामं दिसे, अगदी तसंच.

1851 च्या जुलै आणि ऑगस्ट महिन्यात ट्रॅव्हर्स दे सू आणि मेंडोटा इथे दोन तह झाले. डाकोटांच्या हातून जवळपास 2 कोटी 40 लाख एकर जमीन गेली. एकराला सुमारे साडेसात सेंट पडले. तीच जमीन सरकार पुढे सव्वा डॉलर एकराने विकत होतं. बरं, तेही पैसे हातात मिळाले नाहीत. बरीचशी रक्कम सरकारने स्वतःकडे ठेवली आणि पन्नास वर्षं तिच्यावर पाच टक्के व्याज देऊ असं सांगितलं. मुद्दल परत द्यायचंच नव्हतं. ट्रॅव्हर्स दे सूला सह्या चालू असताना प्रमुखांच्या पुढे आणखी एक कागद सरकवला गेला. तहाचीच दुसरी प्रत असेल अशा समजुतीने त्यांनी त्यावरही सही केली. तो कागद व्यापाऱ्यांच्या उधारीचा होता. जमिनीच्या पैशातून आधी व्यापाऱ्यांची देणी फेडावीत, असं त्यात लिहिलेलं होतं. आपल्याकडे सावकाराच्या ओट्यावर अंगठा उठवलेल्या पिढ्या ज्यांच्या घरात होऊन गेल्या, त्यांना या कागदाचा वेगळा अर्थ सांगायला नको.

डाकोटांकडे मिनेसोटा नदीच्या दोन्ही काठांनी दहा-दहा मैलांची पट्टी उरली. 1858 मध्ये तिचाही उत्तरेकडचा अर्धा भाग गेला.

आता 1862 चा उन्हाळा पाहा. आपल्या सगळ्यांच्या आयुष्याशी त्याचा जितका संबंध आहे तितका अमेरिकेच्या इतिहासातल्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या उन्हाळ्याचा असेल. यादवी युद्ध चालू होतं, दक्षिणेचे प्रतिनिधी काँग्रेस सोडून गेले होते, त्यामुळे वर्षानुवर्षं अडलेले कायदे भराभर मंजूर झाले. 15 मे रोजी कृषी खातं स्थापन झालं. 20 मे रोजी होमस्टेड कायदा आला. पाच वर्षं जमिनीवर राहा, ती कसा, आणि 160 एकर नावावर करून घ्या. 1 जुलैला पॅसिफिक रेल्वे कायदा झाला. रुळांच्या दर मैलामागे रेल्वे कंपन्यांना जमीन मिळणार होती. 2 जुलैला मॉरिल कायदा झाला. प्रत्येक राज्याला त्याच्या दर सिनेटर आणि दर प्रतिनिधीमागे 30,000 एकर मिळणार, ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची. चारही कायद्यांवर अब्राहम लिंकन यांची सही आहे.

त्याच उन्हाळ्यात इथे मिनेसोटा नदीकाठी डाकोटा उपाशी होते. आदल्या वर्षीचं पीक बुडालेलं, व्याजाचा हप्ता जूनमध्ये यायचा तो आलेला नव्हता, आणि एजन्सीच्या, म्हणजे डाकोटांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी ठाण्याच्या, कोठारात धान्य असूनही ते वाटायला अधिकारी तयार नव्हते, व्यापारी उधार द्यायला तयार नव्हते. ऑगस्टच्या मध्यावर ताओयाते दुता, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला लिटल क्रो, यांच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटलं. शेकडो वसाहतवाले मारले गेले. त्यात बायका होत्या, मुलं होती, आणि नुकतंच बोटीतून उतरलेलं, या तहांचं नावही न ऐकलेलं एखादं जर्मन किंवा नॉर्वेजियन कुटुंबही होतं. हे मला झाकायचं नाही. ज्या सोन्याच्या नाण्यांची डाकोटा वाट पाहत होते, ती 71,000 डॉलरची पेटी 18 ऑगस्टला, युद्धाचा भडका उडाला त्याच दिवशी, फोर्ट रिजलीला येऊन पोचली.

पुढे लष्करी न्यायालयाने 303 जणांना फाशी सुनावली. काही खटले पाच मिनिटंसुद्धा चालले नव्हते. लिंकननी कागद मागवून घेतले, नावं कमी केली, आणि 26 डिसेंबर 1862 रोजी मॅन्केटो गावात 38 डाकोटांना एकाच चौथऱ्यावर, एकाच वेळी फाशी दिलं गेलं. या देशातली एका वेळी दिलेली ती सर्वांत मोठी फाशी. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. काळ्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला तो 1 जानेवारी 1863 ला, या फाशीनंतर सहाव्या दिवशी. दोन्ही कागदांखाली त्याच माणसाची सही आहे. मुलांना लिंकन शिकवताना मी आता दोन्ही तारखा सांगते.

त्या हिवाळ्यात सुमारे 1,600 डाकोटा बायका, मुलं आणि म्हातारी माणसं फोर्ट स्नेलिंगच्या पायथ्याशी कुंपणात डांबली होती. रोगाने आणि थंडीने त्यांतली कितीतरी तिथेच गेली. 1863 मध्ये काँग्रेसने तह रद्द केले आणि डाकोटांना राज्याबाहेर काढलं. मॅन्केटोभोवतीची काळी जमीन ज्यांच्याकडे होती, त्या हो-चंक लोकांचा युद्धाशी काही संबंध नव्हता. त्यांनाही काढलं. तुमच्यापैकी जे मिनीॲपलिसच्या विमानतळावर पाहुण्यांना घ्यायला येतात, ते त्या कुंपणाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर गाडी लावतात. मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांचा तिथे संगम आहे. डाकोटा त्याला ब्दोते म्हणतात, आणि आपली उत्पत्तीच तिथे झाली असं त्यांच्यापैकी अनेकजण मानतात. संगमाचं माहात्म्य आपल्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही.

ज्येष्ठांच्या भाषणात कष्टाळू माणसांचा उल्लेख होता. तो खरा आहे, आणि त्यावरही नीट बोललं पाहिजे. नॉर्वेतून 1825 ते 1925 या काळात 8 लाखांहून अधिक माणसं अमेरिकेत आली. त्यांच्या देशात लागवडीलायक जमीन शंभरात तीन-चार एकर. मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहायचं आणि बदल्यात त्याच्याकडे राबायचं, अशी कुळांची जात तिथे होती. अशा माणसाला कुणी 160 एकर देऊ केलं तर तो का येणार नाही? माझे आजोबासुद्धा गेले असते. होमस्टेड कायद्याखाली शेवटपर्यंत सुमारे 16 लाख दावे मंजूर झाले आणि 27 कोटी एकर जमीन वाटली गेली. अमेरिकेच्या एकूण भूमीचा हा दहावा हिस्सा. जमिनीच्या मालकीतून पुढच्या पिढ्यांना जे मिळतं, म्हणजे तारण ठेवायला काहीतरी, मुलांच्या शिक्षणाला काहीतरी, म्हातारपणी विकायला काहीतरी, ते सगळं यातून लाखो घरांना मिळालं. समाजाच्या तळातल्या माणसाला जमीन देणारी इतकी मोठी योजना जगात फार थोडी झाली असेल. फक्त ती जमीन देणाऱ्याची नव्हती.

आणि फुकट म्हटलेली जमीन फुकट पडत नाही, हेही त्यांना लगेच कळलं. बैल हवेत, नांगर हवा, विहीर हवी, पहिलं पीक येईपर्यंत पोट भरायला हवं. 1873 पासून चार-पाच वर्षं मिनेसोटावर टोळधाड येत राहिली. शेतातला गहू तर गेलाच, कुंपणाला वाळत घातलेले कपडेसुद्धा टोळांनी खाल्ले. गहू पिकला तरी तो न्यायला रेल्वे एकच, साठवायला कोठार एकच, आणि भाडं ठरवणारे तेच. उत्तरेकडच्या नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला तर सुमारे 4 कोटी एकर जमीन मिळाली होती. रेड नदीच्या खोऱ्यात कंपनीच्या रोख्यांच्या बदल्यात हजारो एकरांची एकेक शेती उभी राहिली, आणि शेजारी 160 एकरवाला गहाणखतावर सह्या करत राहिला. रेल्वे आणि कोठारवाल्यांच्या लुटीविरुद्ध शेतकऱ्यांची जी पहिली मोठी संघटना झाली ती ग्रेंज. एल्क रिव्हरजवळ शेती करणाऱ्या ऑलिव्हर केली यांनी 1867 मध्ये तिच्या स्थापनेत पुढाकार घेतला. शेतमालाच्या भावाचं, वाहतुकीचं आणि कर्जाचं ते भांडण वाचताना मला शरद जोशींच्या सभा आठवतात. वडील आम्हाला घेऊन जायचे.

सगळे अर्ज करणारे टिकलेही नाहीत. कितीतरी जण पाच वर्षं पुरी होण्याआधीच जमीन सोडून गेले. बायकांच्या वाट्याला आलेला तो मैलोन्‌मैल शेजार नसलेला हिवाळा, त्याबद्दल आपल्या स्मरणिकांमध्ये कुणीतरी एकदा लिहावं. इथे नव्याने आलेल्या, गाडी चालवता न येणाऱ्या, अवलंबित व्हिसावरच्या आपल्या कितीतरी मुलींना तो समजेल.

मिनीॲपलिसला पाहुणे आले की आपण त्यांना स्टोन आर्च पूल दाखवतो. शेजारी जुन्या पिठाच्या गिरण्यांचे अवशेष आहेत, समोर सेंट ॲन्थनी धबधबा, डाकोटांचा ओवामनीयोमनी. 1880 ते 1930 ही पन्नास वर्षं जगातलं सर्वांत मोठं पिठाचं केंद्र या धबधब्यापाशी होतं. तहांनी रिकाम्या करून घेतलेल्या माळावरचा गहू रेल्वेने इथे यायचा. त्या माळाची, मिनेसोटातल्या 1 कोटी 80 लाख एकर गवताळ रानाची, आज शंभरातली जेमतेम एक-दोन एकर शिल्लक आहे. या गिरण्यांपैकी एक 1869 मध्ये चार्ल्स पिल्सबरी यांनी घेतली. त्यांचे काका जॉन पिल्सबरी राज्याचे गव्हर्नर झाले आणि बुडत्या मिनेसोटा विद्यापीठाला त्यांनीच तारलं. पिल्सबरी हे नाव आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत आट्याच्या पिशवीवर असतं. माझी बहीण त्याच आट्याच्या पोळ्या करते. मी तिला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

पश्चिमेकडचा हा विस्तार म्हणजे फक्त गहू आणि काउबॉय नव्हेत. दक्षिणेत तो कापूस होता, आणि तो धागा तर थेट आपल्या अंगणात येतो. 1830 च्या कायद्याने चॉक्टॉ, क्रीक, चिकसॉ, चेरोकी यांना मिसिसिपीपलीकडे हाकललं. 1838-39 च्या त्या वाटेवर चेरोकींची हजारो माणसं वाटेतच गेली. त्यांच्या काळ्या जमिनींवर कापसाचे मळे उभे राहिले, आणि तिथे राबायला जुन्या राज्यांमधून सुमारे दहा लाख गुलामांना, आईपासून मूल तोडून, नेण्यात आलं. 1860 पर्यंत ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून जास्त हिस्सा तिथून जात होता. यादवी युद्धाने तो थांबला आणि मुंबईत सोनं बरसलं. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरावर येऊ लागला, प्रेमचंद रायचंदांच्या काळातला शेअरचा तो वेडा बाजार भरला, दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार हवं तितकं कर्ज देऊ लागले. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. कर्जं मात्र जागच्या जागी राहिली. त्यांत नव्या जमीनमहसुलाची भर पडली, आणि 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज बाजारात आणून जाळले. अलाबामातल्या क्रीक माणसाने गमावलेली जमीन आणि सुप्यात जळलेलं कर्जखत या एकाच लांब दोरीच्या गाठी आहेत. मराठी शाळेत आपण दख्खनचे दंगे शिकवत नाही, आणि अमेरिकेतली शाळा मुंबईचा कापूस शिकवत नाही. आपली मुलं दोन्हीकडची आहेत. ही दोरी त्यांच्या हातात आपणच देऊ शकतो.

आता आपल्या पदव्यांकडे येते. आपण शिकलो ती विद्यापीठं आठवा. पर्ड्यू, आयोवा स्टेट, व्हर्जिनिया टेक, टेक्सास ए अँड एम, इलिनॉय, ओहायो स्टेट, रटगर्स, कॉर्नेल, एमआयटी, मिनेसोटा. काही त्याआधीची, काही नंतरची, पण 2 जुलै 1862 च्या त्या कायद्याचा लाभ या सगळ्यांना झाला आहे. पूर्वेकडच्या राज्यांजवळ वाटायला सरकारी जमीन नव्हती, म्हणून त्यांना हुंडीसारखे कागद मिळाले. त्यांवर पश्चिमेतली जमीन निवडता येत असे. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलने हे कागद वापरून विस्कॉन्सिनमधली पाइनची जंगलं घेतली आणि त्यांवर आपला निधी उभा केला. 2020 मध्ये काही पत्रकार आणि इतिहासकारांनी या जमिनींचा एकेक तुकडा नकाशावर मांडला. सुमारे 1 कोटी 7 लाख एकर, जवळपास 250 मूळनिवासी राष्ट्रांकडून आलेले, 52 विद्यापीठांना लाभलेले. मिनेसोटा विद्यापीठाच्या वाट्याला जवळपास 94 हजार एकर आले. ती फाशी झालेल्या आणि हाकलून दिलेल्या माणसांची जमीन होती. माझी फी माफ झाली, प्रयोगशाळेत काम मिळालं, पहिल्या पगारातून मी आईला साखळी केली. या सगळ्याच्या मुळाशी असलेला फेरफार मला वीस वर्षं माहीत नव्हता.

या विद्यापीठांमुळे जे भलं झालं ते मोठं आहे. शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या मुलांना उच्च शिक्षण उघडं झालं. आपल्यातलाच एक माणूस सांगते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतीच्या ध्यासाने या देशात आले, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या अशाच कॉलेजांत शेतीशास्त्र शिकले, ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीत उतरले आणि शेवटी मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवताना त्यांनी गरीब, बहुतांशी मूळनिवासी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या आणि मक्यावर काम केलं. मूळनिवाशांच्या जमिनीतून उभ्या राहिलेल्या कॉलेजातली विद्या त्यांनी मूळनिवाशांच्याच शेतात नेऊन ठेवली. त्यांनी हा हिशेब मांडून तसं केलं असं मी म्हणत नाही. पण वाट कुठे जाऊ शकते हे त्यांच्या पावलांवरून दिसतं. त्यांच्या पिढीला इथे नागरिकत्व मिळणं दुरापास्त होतं. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ते नाकारलंच. सगळ्या मूळनिवाशांना नागरिकत्व मिळालं तेही पुढच्याच वर्षी, 1924 मध्ये, स्वतःच्या भूमीवर.

तोवर राखीव जमिनींचंही वाटप होऊन गेलं होतं. 1887 च्या डॉज कायद्याने सामाईक जमिनीचे घरटी तुकडे पाडले आणि उरलेली 'जादा' जमीन विकायला काढली. तेव्हा मूळनिवाशांकडे 13 कोटी 80 लाख एकर होते, 1934 मध्ये 4 कोटी 80 लाख उरले. गावाचं गायरान कसं संपतं हे पाहिलेल्या माणसाला हे आकडे कळतात.

मला काय हवं आहे ते सांगते. स्मरणिकेतल्या त्या लेखातून 'ओसाड' हा शब्द काढावा, आणि आपण ज्या गावात राहतो तिथे कुणाची भूमी होती, कोणत्या तहाने गेली, एवढ्या दोन ओळी लेखात याव्यात. आपल्यापैकी अनेकांना डाकोटा म्हणजे फक्त मिस्टिक लेकचा कॅसिनो माहीत आहे. पाठ्यपुस्तकातला 'रेड इंडियन' हा शब्दही आता सोडून द्या, त्यांची स्वतःची नावं आहेत. आमच्या राज्यात सहावीच्या मुलांना हे युद्ध शाळेत शिकवतात. आमच्या मराठी शाळेतली एक मुलगी मॅन्केटोविषयी इतकं नेमकं बोलली की तिला घ्यायला आलेले तिचे वडील माझ्याकडे बघत राहिले. मुलं शिकताहेत. मागे राहिलोय ते आपण मोठे, आणि मंडळ हे मोठ्यांचं आहे.

दुसरी विनंती खिशाची आहे. दर वर्षी आपण आपापल्या विद्यापीठाला माजी विद्यार्थी म्हणून देणगीचा चेक पाठवतो. त्यावर लिहा की ही रक्कम मूळनिवासी विद्यार्थ्यांसाठी आहे. साउथ डकोटा स्टेट विद्यापीठ आपल्याला सरकारकडून मिळालेल्या, म्हणजे लँड-ग्रँट, जमिनींचं उत्पन्न वोकिनी या उपक्रमाद्वारे मूळनिवासी विद्यार्थ्यांकडे वळवतं. मिनेसोटा विद्यापीठाने 2022 पासून राज्यातल्या मूळनिवासी विद्यार्थ्यांना फी माफी किंवा मोठी सवलत सुरू केली. जमिनीही परत जाऊ लागल्या आहेत. 2021 मध्ये लोअर सू आणि 2024 मध्ये अप्पर सू या डाकोटा समुदायांना, जिथे कोठारं बंद ठेवली गेली होती त्याच एजन्सीच्या जागा परत मिळाल्या. आपण काही जमीन परत देऊ शकत नाही. घराचा हप्ता फेडणारी माणसं आपण. पण ज्या शिष्यवृत्तीवर मी इथे आले तेवढी रक्कम मी डाकोटा विद्यार्थ्यांसाठी द्यायला सुरुवात केली आहे, दहा वर्षांत फिटेल.

माझ्या सोलापूरकडच्या भावाने मागच्या वर्षी जमिनीच्या कडेला मेंढ्यांसाठी वाट मोकळी सोडली. आठ-दहा फूट रुंद, फार नाही. आजोबांनी घातलेला बांध त्यासाठी फोडावा लागला. आई आधी रडली, मग पाहायला गेली.

दर 26 डिसेंबरला मॅन्केटोच्या रिकन्सिलिएशन पार्कमध्ये सकाळी लोक जमतात. अनेक वर्षं डाकोटा घोडेस्वार साउथ डकोटातून बर्फातून तीनशेहून जास्त मैल दौडत तिथे येत असत. तिथे 38 नावं वाचली जातात. कुणीही जाऊन मागे उभं राहू शकतं. आपल्या मंडळाच्या नाताळच्या सुट्टीतल्या कार्यक्रमांत त्या दिवशी आजवर काही ठेवलेलं नाही. मिनीॲपलिसहून दीड तास लागतो. थंडी फार असते, पायात दोन मोजे घाला. माझ्या गाडीत चार जागा रिकाम्या आहेत, पहाटे साडेसहाला निघेन.

आपली,
मंडळाची जुनी सभासद आणि मराठी शाळेतली एक शिक्षिका
मिनेसोटा